‘ओढायचे का?’

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाबद्दल आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते एकदा नीट ऐकून बघा. कुणाला हार्ट अटॅक आला म्हटलं की लोक विचारतात, ‘कुठल्या हॉस्पिटलला नेलंय?’ अपघात झाला म्हटलं की विचारतात, ‘कितपत लागलंय?’ फुप्फुसाचा कर्करोग म्हटलं की विचारतात, ‘ओढायचे का?’

उत्तर ‘हो’ आलं की विचारणाऱ्याचा चेहरा जरा सैल पडतो. कोडं सुटलेलं असतं. करावं तसं भरावं. आपण ओढत नाही, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा दिलासाही त्यात असतो. उत्तर ‘नाही’ आलं तर मात्र तो अस्वस्थ होतो. ‘मग कसं काय झालं?’ असं पुन्हा विचारतो, जणू आपण काहीतरी लपवतोय.

माझ्या मामाच्या आजारपणात मी हा प्रश्न चौदा महिने ऐकला. डॉक्टरांनीही तो विचारला होता, पण त्यांना तो लागतो. दिवसाला किती, किती वर्षं, कधी सोडली, यावर त्यांचे पुढचे अंदाज अवलंबून असतात. बाकीच्यांना त्या माहितीचं काही करायचं नसतं. त्यांना निकाल द्यायचा असतो.

मराठीत विडी ‘ओढतात’ आणि संकट ‘ओढवून घेतात’. दोन्ही क्रियापदं इतकी जवळची आहेत की एकावरून दुसऱ्यावर आपण न अडखळता जातो. या लेखात मला तिथेच अडखळायचं आहे. ज्याने आजार ओढवून घेतला असं आपण म्हणतो, त्याचं आपण, म्हणजे शेजारी, समाज आणि सरकार, किती देणं लागतो?

एका छातीत किती धूर

मामा खानापूर तालुक्यातला, विट्याच्या बाजूचा. सांगलीचे खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याचे माण, खटाव हा सगळा सलग दुष्काळी पट्टा. या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका कामासाठी देशभर गेली आहेत : सोन्याचांदीची गलाई. तुम्ही दिल्लीत, कोलकात्यात किंवा केरळातल्या एखाद्या सराफ गल्लीत गेलात आणि मागच्या बोळात मराठी ऐकू आलं, तर तो माणूस बहुतेक याच भागातला निघेल. सोनाराकडचं मोडीचं सोनं आणि दुकानातला झाडलेला कचरासुद्धा आणायचा, मुशीत वितळवायचा, ॲसिडने चांदी वेगळी करायची आणि शुद्ध धातू परत द्यायचा. नायट्रिक ॲसिड चांदीवर पडलं की तांबूस रंगाचा धूर निघतो. हे सगळं चालतं दहा बाय दहाच्या खोलीत. शेगडी तिथेच, झोपायचं तिथेच.

मामाने सव्वीस वर्षं हे काम केलं. वयाच्या सोळाव्या वर्षी गेला, कारण त्या वर्षी ज्वारी आली नव्हती आणि घरात त्याच्या मागे तीन बहिणी होत्या. त्यातली एक माझी आई. विडीही तो तिथेच शिकला. रात्री शेगडीपाशी जागायचं तर काहीतरी हवं, असं तो म्हणायचा. परत गावी आल्यावर ऊस केला. तोड झाली की पाचट पेटवायचं. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं.

आता सांगा, यातल्या कुठल्या धुराने त्याचा जीव घेतला? विडी हे सगळ्यात मोठं कारण असण्याची शक्यता आहे, हे मी नाकारत नाही. तंबाखूचा धूर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणालाही त्याच पहिल्या गटात टाकलं आहे, ज्या गटात तंबाखू आहे. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे. एका माणसाच्या बाबतीत यातली टक्केवारी वेगळी काढून दाखवणं कुणालाच शक्य नाही.

मामाला मी एकदा विचारलं होतं, तुला काय वाटतं, कशाने झालं? तो म्हणाला, “आरं, विडी तर समदं गाव वडतंय. मी काय निराळं केलं?” तेव्हा मला ती पळवाट वाटली. पुढे लक्षात आलं की तो एका खऱ्या तात्त्विक अडचणीवर बोट ठेवत होता. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्या बहुसंख्य लोकांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. धोका अनेक पटींनी वाढतो, तरीही बहुसंख्यांना होत नाही. म्हणजे शेजारी बसून तीच विडी ओढणारे दोघे. एकाला होतो, दुसऱ्याला नाही. कृती दोघांची सारखी, तरी दोष मात्र आपण एकालाच देतो. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. आपण म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठीच जबाबदार धरावं, आणि प्रत्यक्षात निकाल देतो तो नशिबाने काय झालं ते बघून.

निर्व्यसनी असल्याचा दाखला

मिरजेला केमोसाठी आम्ही जायचो तेव्हा शेजारच्या खाटेवर माण तालुक्यातल्या एक मावशी असायच्या. साठीच्या आसपास वय. सोबत त्यांचा मुलगा. कुणीही चौकशी केली की तो आधी एक वाक्य म्हणायचा, “आईला कसलंही व्यसन नाही.” नर्सला, चहावाल्याला, आम्हाला, सगळ्यांना. लग्नाच्या बायोडेटात ‘निर्व्यसनी’ लिहितात तसा हा दाखला तो खिशात घेऊन फिरत होता. आजाराचं नाव सांगायच्या आधी आईची अब्रू वाचवणं त्याला भाग पडत होतं.

भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत कधीच न ओढलेल्यांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि बायकांमध्ये तर ते ठळकपणे दिसतं. म्हणून या आजाराबद्दल जागृती करणारे अनेक जण हाच मुद्दा पुढे करतात : बघा, हा फक्त विडीवाल्यांचा आजार नाही, निष्पाप लोकांनाही होतो.

हेतू चांगला आहे. पण हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. ‘निष्पापांनाही होतो’ असं म्हटलं की बाकीचे पापी ठरतात. त्या मुलाने दाखला दाखवला की त्याच्या आईची सुटका व्हायची आणि लोकांची नजर आपोआप माझ्या मामाकडे वळायची. कोर्ट बसलेलंच राहिलं, फक्त एक आरोपी सुटला. मावशींना आणि मामाला औषध एकाच पद्धतीच्या बाटलीतून जात होतं, दोघांनाही रात्री सारखीच धाप लागत होती. त्या निकालाने उपचारात काडीचाही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो फक्त दोघांकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत.

आणि डोळ्यांतल्या फरकाची किंमत असते. मामाच्या थुंकीत रक्त दिसायला लागलं तेव्हा त्याने ते काही आठवडे कुणाला सांगितलं नाही. मामी आधीच विडीवरून बोलायची. ‘सांगितलं असतं तर घरात राडा झाला असता,’ असं तो नंतर म्हणाला. दोषाची भीती माणसाला विडीपासून लांब ठेवेल, असं आपण धरून चालतो. इथे तिने त्याला डॉक्टरपासून लांब ठेवलं.

आबा

सांगलीकरांनी या प्रश्नाचं उत्तर एकदा वेगळ्या पद्धतीने दिलेलं आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री, सगळ्यांचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय ५७. त्यांना तंबाखूची सवय होती हे लपलेलं नव्हतं, त्यावर उघडपणे बोललंही गेलं. पण त्या दिवशी जिल्ह्यात कुणी ‘करावं तसं भरावं’ म्हटलं नाही. माणसं रडली.

असं का झालं असावं? ते मोठे होते म्हणून, हे एक उत्तर. मला दुसरं जास्त पटतं. आबांचं सगळं आयुष्य लोकांना माहीत होतं. गरिबीतलं शिक्षण, ग्रामस्वच्छता अभियान, डान्सबार बंदी, साधं राहणं, चुकाही. तंबाखू हा त्या गोष्टीतला एक तपशील होता. अनोळखी रुग्णाबद्दल आपल्याला एकच तपशील माहीत असतो आणि तोच त्याचं सगळं चरित्र बनतो. मामाची ज्वारी न आलेलं वर्ष, तीन बहिणी, दहा बाय दहाची खोली, हे कुणी विचारलं नाही. ‘ओढायचे का?’ एवढंच विचारलं. माणसाची पूर्ण गोष्ट माहीत झाली की दोष नाहीसा होत नाही, पण तो गोष्टीतल्या त्याच्या जागेवर जाऊन बसतो.

बाकीचे साक्षीदार

आणि कोर्ट भरवायचंच असेल तर ते अर्धवट भरवू नये. विडीची तंबाखू निपाणी भागात पिकते. १९८१ साली त्याच तंबाखूच्या भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हायवेवर ठाण मांडलं आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. निपाणीत आणि सोलापुरात बायका पानं कापून विड्या वळतात आणि त्यावर घर चालवतात. देशात तंबाखूची निर्यात वाढावी म्हणून १९७५ च्या कायद्याने नेमलेलं सरकारी तंबाखू मंडळ आहे. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे मोठे शेअर सरकारी मालकीच्या एलआयसीकडे आहेत, म्हणजे ज्यांच्याकडे एलआयसीची पॉलिसी आहे त्यांचाही, फार लांबून का होईना, त्यात हात आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं.

यातल्या शेतकऱ्याला किंवा विडी वळणाऱ्या बाईला मी आरोपी करत नाहीये. मला एवढंच म्हणायचं आहे की निवड एकट्या मामाची नव्हती. त्याच्या आधी आणि त्याच्याभोवती पुष्कळ निवडी झालेल्या होत्या, त्यातल्या काही आपल्या नावाने झालेल्या. शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या छातीतच सगळी बेरीज करायची, हा हिशेब सोयीचा असेल, पण खरा नाही.

टीबी नाही, मग काय?

आता धोरणाकडे येतो. निकाल फक्त चहाच्या टपरीवर लागत नाही, तो व्यवस्थेतही मुरतो.

मामाचा खोकला सुरू झाला तेव्हा तालुक्यातल्या एका खासगी डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. पाच महिने ती औषधं चालली. हे फक्त आमच्याच घरात घडलं असं नाही. भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाला टीबी समजून महिने जाणं, ही छातीच्या डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. दोन्हींत खोकला, दोन्हींत वजन घटतं, दोन्हींत रक्त, दोन्हींत एक्स-रेवर डाग. आणि आपल्याकडे टीबी इतका की डॉक्टरचा पहिला अंदाज तोच असणं चूकही नाही.

सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, आणि या वाडीला त्यांचंच नाव आहे. तिथे टीबीच्या रुग्णांसाठी सॅनिटोरियम होतं. एकेकाळी टीबीही लपवायचा आजार होता, घराण्याला लागलेला डाग होता. आज त्याच टीबीसाठी देशभर मोफत औषध आहे, २०१२ पासून ‘निक्षय’ नावाची संगणक प्रणाली आहे जिच्यात प्रत्येक रुग्णाची नोंद होते, आणि खाण्यासाठी खात्यात पैसे येतात, आधी महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००. टीबीच्या रुग्णाला पैसे देताना तो दारू प्यायचा का, असं सरकार विचारत नाही.

हे घडू शकलं याचा मला अभिमान वाटतो. पण त्यामागे एक स्वार्थही आहे : टीबी पसरतो. शेजारच्याला बरं केलं नाही तर उद्या तो माझ्या घरात येईल. कर्करोग पसरत नाही. तो झालेल्या माणसाकडे दुर्लक्ष केलं तर माझं काहीच बिघडत नाही. म्हणून मला वाटतं, टीबीच्या कार्यक्रमावरून आपल्या शहाणपणाची परीक्षा होते आणि फुप्फुसाच्या कर्करोगावरून आपल्या माणुसकीची.

या परीक्षेत आपण कुठे आहोत? राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या लोकांची तीन कर्करोगांसाठी तपासणी आहे : तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. फुप्फुस त्यात नाही. याला शास्त्रीय कारण आहे, ते सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्यांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०११ मध्ये आला. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण ज्यांच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं, त्यातल्या ९६ टक्के लोकांना कर्करोग नव्हताच. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण घेऊन फिरणारी इतकी माणसं आहेत की खोट्या धोक्याच्या घंटा वाजतच राहतील. साध्या एक्स-रेने सरसकट तपासणी करून मृत्यू कमी होत नाहीत, हेही त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या चाचणीतून दिसलं. तेव्हा ‘सगळ्यांचं स्कॅनिंग करा’ ही माझी मागणी नाही.

माझी मागणी छोटी आहे. ज्याला आधीच त्रास होतोय, जो आधीच दारात आलाय, त्याच्याबद्दलची.

गावात आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात. त्यात तंबाखूबद्दल विचारतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, थुंकीत रक्त पडतं का, वजन घटलंय का, तेही विचारतात. स्वयंपाकाला इंधन कुठलं आणि कामाच्या ठिकाणी धूर, वायू, धूळ असते का, हेही त्यावर आहे. म्हणजे मामाच्या छातीतले जवळजवळ सगळे धूर विचारणारा एक कागद सरकारकडे आहे! चौकशी करायला येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा तो कागद जास्त समजूतदार आहे. पण खोकल्याच्या प्रश्नापुढची वाट थुंकीच्या तपासणीकडे जाते, टीबीकडे. टीबी निघाला तर पुढचं सगळं ठरलेलं आहे. आणि नाही निघाला तर?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘इफ’ लिहिलेला आहे, ‘एल्स’ लिहिलेलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशिनं गावांत पोचली. त्या फोटोत जो डाग टीबीचा नाही, तो कुणाचा? तो कुठल्याच कार्यक्रमाचा नाही. डाग दिसला, जंतू सापडले नाहीत, औषधाने दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर या माणसाला अमुक तारखेला अमुक ठिकाणी सीटीसाठी पाठवा आणि तो पोचला का ते बघा. एवढी एक ओळ. त्यासाठी नवं ॲप नको, नवं मंत्रालय नको. नोंद ठेवायची यंत्रणा उभी आहे.

ही ओळ अजून का लिहिली गेली नाही? मला वाटतं, मागायला कुणी उरत नाही म्हणून. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८१ हजारांहून जास्त नवे रुग्ण आणि ७५ हजारांच्या आसपास मृत्यू. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की मधल्या फटीत फारशी माणसं मावत नाहीत. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायका मोर्चा काढू शकतात, मॅरेथॉन पळू शकतात, मंत्र्यांना भेटू शकतात. इथे बरं होऊन बोलणारे थोडे, आणि जे मागे राहतात ते घरचे, ‘ओढायचे का?’ या प्रश्नाने आधीच गप्प झालेले.

दोष आणि जबाबदारी

आमच्या क्षेत्रात एक रिवाज आहे. रात्री सर्व्हर कोसळला, लोकांचे पैसे अडकले, तर दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय घडलं ते मिनिटामिनिटाने लिहून काढतात. नियम एकच : कुणाचं बोट लागलं हे विचारायचं नाही, ते बोट लागल्यावर सगळं कोसळावं अशी रचना का होती, हे विचारायचं. याला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. आजारपणाच्या संदर्भात नाव फारच वाईट आहे, पण कल्पना कामाची आहे. हे औदार्य म्हणून करत नाहीत. बोट दाखवायला लागलं की माणसं लपवायला लागतात, आणि लपवलेलं दुरुस्त करता येत नाही, हा अनुभव आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दमदार आहेत.

पहिला : माणूस म्हणजे सर्व्हर नव्हे. त्याला इच्छा असते. विडीच्या बंडलावर ८५ टक्के जागेत भयानक चित्र आहे, सिनेमाच्या आधी ती जाहिरात लागते, तरी तो ओढतो. त्याची जबाबदारी काढून घेणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं. हे मला मान्य आहे. मामाने ओढली, ते त्याने केलं. पण त्याने काय केलं आणि आता आपण काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्दही आहेत : दोष आणि जबाबदारी. दोष मागे बघतो, जबाबदारी पुढे. चुलीपाशी नीट लक्ष न दिल्याने घर पेटलं तरी गाव बादल्या घेऊन धावतं, चौकशी नंतर. एलिझाबेथ अँडरसन या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ मध्ये एका निबंधात याच वळणाचं उदाहरण घेतलं आहे. नियम मोडून वळण घेणारा ड्रायव्हर अपघातात सापडला, त्याचा विमा नाही, म्हणून त्याला रस्त्यावर टाकून ॲम्ब्युलन्स निघून गेली, तर त्या समाजाला समतेचा समाज म्हणायचं का? त्यांचा मुद्दा असा की समान नागरिक असणं ही शहाणपणाने वागल्याबद्दल मिळणारी बक्षिसी नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. साताऱ्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावल्यावरचं इंजेक्शन संपलेलं असेल, तर महागड्या केमोवर खर्च का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. पैसा मर्यादित आहे आणि निवड करावीच लागेल. पण निवड ‘किती उपयोग होईल’ यावर करा, ‘किती लायक आहे’ यावर नको. उपयोगाच्या कसोटीवर काही गोष्टी स्पष्ट दिसतात. शेवटच्या दोन महिन्यांत कर्ज काढून केलेल्या खर्चापेक्षा पहिल्या दोन महिन्यांत झालेली एक बायोप्सी जास्त कामाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मामाची केमो झाली, केशरी रेशनकार्डावर, आणि त्याबद्दल आमचं घर कृतज्ञ आहे. पण योजना सुरू होते निदान झाल्यावर. त्याआधीच्या पाच महिन्यांच्या औषधांचा, दोन सीटींचा आणि विटा-सांगली-पुणे फेऱ्यांचा खर्च कुठल्याच योजनेत नव्हता, आणि जमिनीचा तुकडा गेला तो त्यातच.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क काढलं. त्यातली ओसिमर्टिनिब आणि ड्युरव्हालुमॅब ही दोन फुप्फुसाच्या कर्करोगात वापरतात. चांगलंच झालं. पण ओसिमर्टिनिब द्यायचं की नाही, हे गाठीच्या जनुकीय तपासणीवरून ठरतं. ती तपासणी वेळेत झाली नाही, तर औषध स्वस्त असून काय उपयोग? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं. तेही हवंच आहे. माण तालुक्यातल्या त्या मावशींना मिरजेला येण्याऐवजी साताऱ्याला जाता येईल.

आणि जे बरे होणार नाहीत त्यांचं काय? २०१० मध्ये बोस्टनच्या एका हॉस्पिटलने पुढच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून वेदना, धाप आणि भीती यांचीही काळजी घेतली, तर ती माणसं कमी खचली, आणि सरासरी जास्तही जगली, साधारण नऊ महिन्यांऐवजी साडेअकरा. वेदनेवरच्या मॉर्फिनसाठीची परवान्यांची गुंतागुंत कमी करायला आपल्या संसदेने २०१४ मध्ये कायदा बदलला. तरी मामाला शेवटच्या आठवड्यांत मॉर्फिन मिळवायला मला दोन जिल्ह्यांत फोन करावे लागले. ते मिळाल्यावर तो त्या रात्री झोपला. लायकीचा हिशेब मांडणाऱ्या कुणालाही मी विचारेन : ती झोप त्याला मिळायला हवी होती की नको?

गलाईवाली पोरं अजूनही जातात. आता ट्रेनऐवजी स्लीपर कोचने, हातात स्मार्टफोन घेऊन. वर्षातून एकदा, गावच्या यात्रेला, ती परत येतात. पालखीला खांदा देतात, कुस्त्या बघतात, चार दिवसांनी निघून जातात. ज्या छात्या वर्षभर त्या खोलीत असतात, त्या चार दिवस गावात असतात. यात्रा कमिटीच्या मंडपाशेजारी एक टेबल टाकायला फार खर्च नाही. बीपी, साखर बघतात तसं विचारायचं : किती दिवस खोकताय, वजन उतरलंय का, काम करता तिथे खिडकी आहे का. विडी ओढत असेल तर ती सोडायला मदत करणाऱ्याचा नंबर द्यायचा. खोकला जुना असेल तर सांगलीची एक तारीख द्यायची आणि त्या तारखेला त्याच्यासोबत कोण जाणार, ते तिथेच वहीत लिहायचं.

आमच्या गावच्या यात्रेत हे टेबल टाकायचं का, असं मी कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आहे. अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि एकाने लिहिलं, मंडपवाल्याला सांगून ठेवतो.